नेफा, दोरी, वारा

संपादकांचा फोन आला तेव्हा मी नाशिक फाट्याच्या पुढं ट्रॅफिकमध्ये अडकले होते. "यंदाच्या अंकाचा विषय 'निशाण'. जगभरातले ध्वज, त्यांचे रंग, त्यांची चिन्हं, असं काहीतरी भरगच्च द्या," ते म्हणाले. समोर एक ट्रेलर होता. लोखंडी सळया त्याच्या मागून चांगल्या चार-पाच फूट बाहेर आलेल्या आणि शेवटच्या सळईला एक लाल फडकं बांधलेलं. कुणाच्या तरी जुन्या साडीचा तुकडा असावा, कारण एका कडेला जरीचा काठ होता. त्या वीतभर फडक्यामागं आम्ही सगळे मुकाट अंतर राखून उभे होतो. ज्या भोसरीत कुणी कुणाला रस्ता देत नाही, कुणाचं ऐकत नाही, तिथं या फडक्याचं सगळे ऐकत होते. मी संपादकांना म्हटलं, देते. पण जग फिरायला मी चाकणच्या पुढं जाणार नाही.

खुंटी लागली की केशरी तिकडं

चाकण एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर, मोठ्या गाडी कंपन्यांना पत्र्याचे पार्ट पुरवणारा एक कारखाना आहे. माणसं दीडशे, प्रेस सहा, गेट एक. गेटच्या आत पाण्याच्या टाकीशेजारी जीआय पाइपाची काठी उभी आहे. वर्षातून तीनदा तिला काम असतं: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट. १४ ऑगस्टला संध्याकाळी मी पोचले तेव्हा सिक्युरिटीचे सुपरवायझर मान वर करून काठीचं टोक बघत होते. मूळचे उदगीरकडचे, इकडं येऊन अठरा वर्षं झालेले. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही म्हणाले.

काठीच्या टोकाच्या कप्पीतून दोरीऐवजी एक बारीक नायलॉनची सुतळी खाली लोंबत होती. "चांगली दोरी वर ठेवत नाही मी. ऊन-पावसानं कुजते," काका म्हणाले. "कप्पीत सुतळी राहू द्यायची. आदल्या दिवशी सुतळीच्या एका टोकाला दोरी बांधायची, दुसरं टोक ओढायचं. दोरी आपोआप वरून पलीकडं येते. शिडी लागत नाही, कुणाला वर चढवावं लागत नाही."

मग त्यांनी केबिनमधल्या लोखंडी कपाटातून, किल्ल्यांच्या बोर्डाखालून, घडी काढली. खादीचा, चांगला जाड तिरंगा. काठीकडच्या कडेला पांढऱ्या कापडाचा नेफा, नेफ्यातून आरपार दोरी आणि दोरीच्या एका टोकाला बोटभर लाकडी खुंटी. "खुंटी ज्या टोकाला, ते वरचं. रंग बघायचाच नाही. पहाटे अंधारात रंग काय दिसतो, मॅडम? हाताला खुंटी लागली की केशरी तिकडं." दर वर्षी पेपरात कुठं ना कुठं उलटा झेंडा लागल्याची बातमी येते. ती वाचताना मला आता ती खुंटी आठवेल.

घडीचंही शास्त्र आहे. झेंडा आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही बाजूंनी आत घेत यायचं, म्हणजे शेवटी वर फक्त चक्र आणि दोन रंगांच्या कडा दिसतात. काका हे बोलता बोलता करत होते. आत फुलांच्या पाकळ्या घालायला नियमांची हरकत नाही, काकांची आहे. झेंडूला त्यांनी बंदी घातलीय, ओल्या झेंडूचा डाग खादीवरून जात नाही म्हणून. गुलाब चालतो, तोही आदल्या दिवशी पंख्याखाली वाळवलेला.

राहता राहिली गाठ. ती मात्र ते उद्या पहाटे सहाला बांधणार होते. का, ते त्यांच्या जुन्या नोकरीतल्या एका १५ ऑगस्टच्या गोष्टीत आहे. गाठ आदल्या रात्रीच मारून ठेवली होती. रात्रभर पाऊस. सुती दोरी भिजली, फुगली आणि सरकफासाची पक्की गाठ झाली. सकाळी पाहुण्यांनी एकदा ओढलं, दोनदा ओढलं, तिसऱ्यांदा ओढलं तर काठीच हलायला लागली. तेवढ्यात कुणीतरी घाईनं राष्ट्रगीताची टेप लावली. "बावन्न सेकंद सगळे ताठ उभे, आणि झेंडा वर पुडीत," काका म्हणाले. हसले मात्र नाहीत.

मी लेबल बघायला झेंडा हातात घेतला तर त्यांनी आधीच सांगितलं, "आमच्याकडचं कापड आहे." अभिमान खोटा नव्हता. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती तिरंगे बनवते आणि त्यासाठीची खादी उदगीरला विणली जाते. कर्नाटकात हुबळीजवळच्या बेंगेरीतला खादी संघही प्रसिद्ध आहे. हे कापड कसं असावं, सूत किती, रंग किती पक्का, शिलाई कशी, याचं एक भारतीय मानक आहे. या औद्योगिक पट्ट्यात प्रत्येक गेटवर कुठलं ना कुठलं आयएसओ सर्टिफिकेट टांगलेलं असतं, म्हणून सांगते: देशाच्या मानकांच्या यादीतलं पहिलं, आयएस १, हे राष्ट्रध्वजाचंच आहे, १९५१ सालचं. प्रमाण तीनास दोन, आकार नऊ. सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर, सगळ्यात छोटा टेबलावरचा १५० बाय १००.

३० डिसेंबर २०२१ ला ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि पॉलिस्टरचे, मशीनवर झालेले झेंडेही चालू लागले. पुढच्या जुलैत नागरिकांना रात्रीही झेंडा ठेवायची मुभा मिळाली. त्याच ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' आलं. काकांच्या कपाटात त्या वर्षीचा पॉलिस्टरचा गठ्ठाही आहे. दोन्ही हाताळले की फरक कळतो. पॉलिस्टर फुंकरीनं फडफडतं. खादी वारा मागते. नसला तर काठीला लागून गप्प उभी राहते, आणि वारा आला की सावकाश उलगडते. मला खादीच आवडते. पण १५ ऑगस्टला पाऊस असतो, आणि ओली खादी वाळवायला दोन दिवस लागतात, हे काकांचं म्हणणंही खरं.

कारखान्याच्या आवारात रोज तिरंगा लावता येतो, याला कारण एक कारखानाच आहे. रायगडच्या (आपल्या नव्हे, छत्तीसगडच्या) आपल्या कारखान्यावर नवीन जिंदल यांनी झेंडा लावला तेव्हा अधिकाऱ्यांनी हरकत घेतली. खासगी माणसाला ठरावीक दिवस सोडून तशी परवानगीच नव्हती. ते कोर्टात गेले. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली, आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मानानं तिरंगा फडकावणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. काकांना हे माहीत नव्हतं. "म्हणजे आधी गुन्हा होता?" त्यांनी विचारलं आणि घडी पुन्हा कपाटात ठेवली.

निळं खाली

मोठ्या कंपन्यांचा मामला वेगळा. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे चाकणचे कारखाने २००९ पासूनचे, ब्रिजस्टोन जपानी, तळेगावला ह्युंदाई, चिंचवडला स्वीडिश एसकेएफ. तासाभराच्या अंतरात अर्धा डझन देश. अशा गेटांवर तीन काठ्या दिसतात: भारत, मूळ देश, कंपनी. त्यांचा क्रम कुणाच्या मर्जीवर नसतो. दुसऱ्या देशांच्या ध्वजांच्या रांगेत तिरंगा रांगेच्या उजव्या टोकाला, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला पहिला. पुढं इंग्रजी वर्णमालेप्रमाणं बाकीचे. उंची सारखी, आकार सारखा. शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्याच्या वर लावायचा नाही, हा संकेत जगभर पाळतात. कंपनीचा झेंडा मात्र या पंगतीतला नव्हे. देशांचे सोडून दुसरा कुठलाही झेंडा तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीनं शेजारी नसावा, असं संहिता सांगते. म्हणून जाणते लोक कंपनीची काठी आखूड ठेवतात आणि जरा लांब रोवतात. सगळेच जाणते नसतात, हे चाकणच्या रस्त्यावर गाडी हळू घेतली की दिसतं.

अशाच एका कंपनीत अॅडमिन बघणाऱ्या ताईंनी मला त्यांचा खण उघडून दाखवला. टेबलावर ठेवायचे छोटे झेंडे, पितळी स्टँड आणि प्रत्येक झेंड्याला स्टेपल केलेली चिठ्ठी. "कोरिया: निळं खाली. तीन अख्ख्या रेघा काठीजवळ, वर." "जर्मनी: आडवे पट्टे, काळा वर. उभे असतील तर बेल्जियम!!" दोन उद्गारचिन्हं का, ते मी विचारलं नाही.

त्या चिठ्ठ्यांमध्ये अख्खा इतिहास दडलाय. कोरियाच्या वर्तुळातलं लाल-निळं म्हणजे एकमेकांत गुरफटलेल्या दोन शक्ती, आणि कोपऱ्यांतल्या रेघांचे चार गट म्हणजे आकाश, पृथ्वी, पाणी, अग्नी. उलटा लावला की पृथ्वी वर जाते. जर्मनीचा काळा-लाल-सोनेरी १८१३ मध्ये नेपोलियनशी लढलेल्या स्वयंसेवकांच्या गणवेशावरून आला, असं सांगतात. ज्यानं त्यानं घरचे कपडे आणलेले. सगळ्यांवर बसेल असा रंग एकच, काळा. म्हणून काळ्यात बुडवले, वर लाल काठ, पितळी बटणं. डाईंगवाल्याच्या तोंडी शोभेल असं हे कारण मला फार पटतं. जपानचा सूर्य शतकानुशतकांचा, पण तो कायद्यानं राष्ट्रध्वज झाला १९९९ मध्ये. आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये हैती आणि लिख्टेनश्टाइन या दोन देशांना कळलं की आपला झेंडा एकच आहे. पुढच्या वर्षी लिख्टेनश्टाइननं आपल्या झेंड्यावर मुकुट चढवला. अॅडमिनच्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. म्हणजे आपणच चुकतो असं नाही.

जपानी कारखान्यांत आणखी एक झेंडा असतो, पांढऱ्यावर हिरवा क्रॉस. सुरक्षिततेचा. आपल्याकडंही ४ मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या स्थापनादिनी, कारखान्याकारखान्यांत सेफ्टीचा झेंडा चढतो, शपथ होते, पोस्टर स्पर्धेचं बक्षीस वाटतात. ज्या पट्ट्यात प्रेसखाली बोटं जातात, तिथं मला हा झेंडा सगळ्यात जास्त दिवस वर हवा असं वाटतं. तो आठवडाभरात उतरतो.

ताईंच्या कंपनीच्या गेटवरचा रात्रपाळीचा गार्ड नेपाळचा. त्याच्या देशाचा झेंडा खणात नव्हता. नेपाळी पाहुणे येत नाहीत, गार्ड येतात. चौकोनी नसलेला राष्ट्रध्वज जगात तेवढा एकच, एकावर एक दोन त्रिकोण. तो कसा काढायचा हे नेपाळच्या संविधानात भूमितीच्या पेपरासारखं पायरीपायरीनं दिलंय. आपल्याला तो विचित्र वाटतो, कारण चौकोनाची सवय झालीय. आपल्या आजोबा-पणजोबांना वाटला नसता.

संग्रामदुर्गाची उरलेली भिंत

कारण आपलं निशाण दोन जिभांचं. चाकण गावात, बाजाराच्या गर्दीत, संग्रामदुर्गाची थोडी तटबंदी शिल्लक आहे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी या भुईकोटावर पन्नासेक दिवस रोखून धरलं. शेवटी ऑगस्टमध्ये सुरुंगानं बुरूज उडाला आणि किल्ला गेला. त्या काळी आसपासच्या गावांना ही बातमी कशी कळायची? तटावरचं निशाण बदललेलं दिसलं की. तार नाही, डाक वेळेवर नाही. डोळ्याला दिसेल तेवढीच सत्ता.

मराठी फौजेत भगव्याबरोबर जरीपटका असे, तो बाळगणं हा सरदारांचा मान. भाषेत हे अजून जिवंत आहे. १७५८ मध्ये राघोबादादांची फौज अटकेपर्यंत गेली, आणि मुलाला ऑनसाइट मिळालं तरी आपण अजून 'अटकेपार झेंडा' म्हणतो. पुरंदराच्या बाजूला झेंडेवाडी आहे, झेंडे आडनावाची घराणी आहेत, निशाणदार आहेत. पुण्यात मुरुडकर झेंडेवाले आहेतच.

पाइपाची काठी

पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या माझ्या पिढीला गेटवरचा झेंडा म्हणजे युनियनचा झेंडा. भंगारातला पाइप, फॅब्रिकेशनच्या पोरांनी वेल्ड केलेला पाया आणि शेजारी नामफलक. लाल असेल तर युनियन डाव्यांची, भगवा असेल तर भारतीय मजदूर संघ किंवा भारतीय कामगार सेना. दोन भगव्यांतला फरक लांबून कळत नाही, जवळ जाऊन अक्षरं वाचावी लागतात.

लाल झेंड्याची गोष्ट उलटी आहे. १७९१ मध्ये पॅरिसमध्ये लाल झेंडा सरकारनं उभारला होता: जमावबंदी आहे, पांगा, नाहीतर गोळी. गोळ्या झाडल्याही. पुढं ज्यांच्यावर तो उगारला जायचा त्यांनीच तो उचलला. १८३१ मध्ये वेल्समधल्या मर्थरच्या कामगारांच्या हातात तो होता, १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या इमारतींवर. भारतात १ मे १९२३ ला मद्रासमध्ये सिंगारवेलूंनी पहिला कामगार दिन साजरा करताना तो फडकावला. ट्रेलरच्या सळईवरचं फडकं आणि हा झेंडा एकाच घराण्यातले.

कायद्याच्या दृष्टीनं गेटवरच्या झेंड्याला काही किंमत नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार मान्यता हवी तर निदान सहा महिने किमान तीस टक्के कामगार सभासद असल्याचं दाखवावं लागतं. ते कोर्टात, कागदावर ठरतं. तरी युनियन बदलली की पहिलं काम रात्रीत जुना बोर्ड उतरवणं आणि सकाळच्या शिफ्टला नवा झेंडा दिसणं, हेच. "कागद साहेबांसाठी, झेंडा पोरांसाठी," असं एका निवृत्त कमिटी मेंबरनं मला सांगितलं. आता चाकणमध्ये मैलामैलांवर गेटं आहेत आणि पाइप रिकामे आहेत, किंवा पाइपच नाहीत. आत निम्मी पोरं कंत्राटी, अकरा महिन्यांची. ती कुठल्या झेंड्याखाली उभी राहणार?

एकशेसात मीटर आणि हातभर

निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात तुकोबा आणि शिवरायांच्या भेटीचं शिल्प आहे आणि त्याच उद्यानात महापालिकेनं २०१८ मध्ये उभारलेला १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ. मी पावसाळ्यात गेले त्या दिवशी काठी मोकळी होती. अटारीला २०१७ मध्ये अशाच उंचीच्या काठीवर १२० फूट बाय ८० फुटांचा झेंडा चढवला, तो पहिल्या काही आठवड्यांतच पुन्हा पुन्हा फाटला. दोष कापडाचा नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते, आणि शंभर मीटरवर वारा खालच्यासारखा नसतो. झेंडा काठीकडून फाटत नाही, मोकळ्या टोकाकडून फाटतो. ते टोक दिवसभर चाबकासारखं स्वतःवरच आपटत असतं. शिवणारे तिथं चार-चार टिपा मारतात; विरलं की तेवढी पट्टी कापून पुन्हा दुमड घालतात. छोट्या झेंड्यात हे जमतं. नऊ हजार सहाशे चौरस फुटांच्या कापडाला कुठं नेणार?

याच चौकावरून ज्येष्ठ वद्यात देहूहून तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामाला जाते. पुढं पताका. हातभर गेरू रंगाचं कापड, बांबूची काठी, तीही अनेकदा घरच्या वेळूची. रिंगणात आधी पताकावाले धावतात, मग तुळशीवाल्या, मग विणेकरी. माउलींच्या सोहळ्यात अंकलीहून आलेल्या दोन घोड्यांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसरा घोडा रिकामा, तो माउलींचा. इथं एक वारकरी आजोबा दुभाजकावर बसून पताकेला टाका घालत होते. "किती वर्षांची?" मी विचारलं. "काठी वीस वर्षांची. कापड दर साल नवं. आणि हा टाका आत्ताचा, बसच्या खिडकीत अडकली."

तिथून देहूरोडला पाच-सात किलोमीटर. २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी तिथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. आज तिथं निळ्या झेंड्यांबरोबर निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असा पाच पट्ट्यांचा आणि सहाव्या पट्ट्यात हे सगळे रंग एकत्र असलेला ध्वज दिसतो. तो १८८५ मध्ये कोलंबोत तयार झाला. मूळ कल्पना लांबलचक पताकेची होती. कर्नल ऑल्कॉट या अमेरिकन गृहस्थांनी सुचवलं की नेहमीच्या झेंड्याच्या मापाचा करा, म्हणजे घरोघर लावता येईल. बुद्धाच्या तेजोवलयाचे रंग म्हणून ते सांगितले जातात. देहूरोडच्या दुकानात हा झेंडा पॉलिस्टरमध्ये, लांबी तीन फूट, नेफा कच्च्या टिपेचा मिळतो. दुकानदारानं स्वतःच बजावलं, "ताई, घरी जाऊन नेफ्यावर अजून एक टीप मारा. वाऱ्यात पहिलं तेच उसवतं."

१५ ऑगस्ट, संध्याकाळ

चाकणला परत गेले तेव्हा सहा वाजून गेले होते. सकाळी गाठ पहिल्या झटक्यात सुटली होती. काकांनी हे मला तीनदा सांगितलं. आता नियम बदललाय, उतरवला नाही तरी चालेल, असं मी म्हटलं. "चालेल. पण रात्री बघायला कोण आहे?" ते म्हणाले आणि झेंडा उतरवला. घडी तळहातांवर घेऊन कपाटात ठेवली. दुपारी पावसाची सर येऊन गेल्यामुळं खादी थोडी दमट होती, म्हणून कपाटाचं दार त्यांनी उघडंच ठेवलं आणि पंखा तिकडं फिरवला. जुना, टोकाला विरलेला एक तिरंगा खालच्या कप्प्यात होता. निरुपयोगी झालेला ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, मानानं नष्ट करावा असं संहिता सांगते. काका मालकांना दोनदा विचारून झालेत, अजून दिवस ठरलेला नाही.

मग त्यांनी दोरीला सुतळी बांधली, दुसऱ्या बाजूनं ओढली. दोरी खाली आली, सुतळी वर कप्पीत गेली. दोरीचं वेटोळं करून त्यांनी ते कपाटात न ठेवता जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घातलं.

"घरी नेता?"

"इथं ठेवली तर लोडिंगवाले ताडपत्री बांधायला नेतात, मॅडम. मागच्या वर्षी नेली होती. २५ जानेवारीला रात्री नवी घ्यायला मी चाकणभर फिरलो."